तिसऱ्या रात्रीच्या आधी सांगून टाका

पाय मोडला म्हणून माणूस रुग्णालयात दाखल होतो. एक्स-रे होतो, ऑपरेशनची तारीख ठरते, घरची माणसं डबा घेऊन ये-जा करू लागतात. पहिल्या संध्याकाळी तो जरा चिडचिडा वाटतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपटतो, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतो, मोडक्या पायाने उठून घरी निघतो. बायकोला वाटतं औषध उलटलं. सासूला वाटतं बाहेरचं काही लागलं. प्रत्यक्षात त्याची रोजची दारू अचानक बंद झालेली असते, आणि दाखल करताना ती कुणी सांगितलेली नसते.

आपल्या करावे गावात कोण रोज पितो हे गल्लीला माहीत असतं. हळदीच्या मांडवात ते कुणी लपवतही नाही. पण नेरूळच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात डॉक्टरांनी ‘दारू, तंबाखू काही?’ असं विचारलं की तीच माणसं म्हणतात, ‘नाही हो, कधीतरी कार्यक्रमाला.’ यामागे लाज असते, पोलिसांची भीती असते, विम्याची चिंता असते. त्यांच्याकडे पुढे वळूच. पण आधी वैद्यकीय बाजू समजून घ्या, कारण जीव तिथे अडकलेला असतो.

रोज पिणाऱ्याने शेवटचा घोट कधी घेतला, तिथून घड्याळ सुरू होतं. सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो: दिवस-रात्र कळत नाही, नसलेलं दिसतं, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. सगळ्यांना एवढं होत नाही. पण ज्यांना होतं, त्यांच्यावर उपचार झाले नाहीत तर ते जिवावर बेतू शकतं. आधी माहीत असेल तर डॉक्टर पहिल्याच दिवशी थायामिनची, म्हणजे ब जीवनसत्त्वातल्या एका घटकाची इंजेक्शनं सुरू करतात, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं मोजून देतात आणि काही दिवसांत ती कमी करत बंद करतात. थायामिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवत राहिलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. केसपेपरवरच्या एका ओळीने उपचारात इतका फरक पडतो.

म्हणून सांगताना नेमकं सांगा. ‘थोडी घेतात’ या उत्तराचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. रोज क्वार्टर की दोन क्वार्टर, देशी की विदेशी, सकाळी उठल्यावर लागते की संध्याकाळीच, किती वर्षांपासून, आणि शेवटची किती वाजता घेतली, हे सांगा. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, हे तर विचारण्याची वाट न बघता सांगा, कारण ज्याला एकदा असं झालं त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. सगळ्या नातेवाइकांसमोर बोलायला जड जात असेल तर सिस्टरना बाजूला घेऊन सांगा. पुरेसं आहे. बाई पीत असेल तर घर आणखी गप्प बसतं. तिचं शरीर मात्र तोच हिशेब मागतं.

उलटंही लक्षात ठेवा. अपघातात सापडलेल्या माणसाच्या तोंडाला वास येतोय म्हणून ‘उतरेल थोड्या वेळाने’ असं समजून कुणी त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवत असेल, तर थांबवा. डोक्याला मार लागलेला माणूसही असाच बरळतो. वास येत असला तरी डोक्याची तपासणी मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता एक फार घातक गोष्ट. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती लोकलच्या डब्यात आणि छोट्या जाहिरातींच्या रकान्यात आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. अशा पुड्यांमध्ये काय असतं याचा पत्ता नसतो. काही घरांत डायसल्फिरामची गोळी कुटून चहात किंवा वरणात घातली जाते. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब इतका पडू शकतो की माणूस हाताशी लागत नाही. घरात असं काही चालू असेल तर दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा, पुडी असेल तर दाखवा. हे करणाऱ्या आई किंवा बायकोला मी दोष देत नाही. अनेक वर्षं सोसल्यावर माणूस कुठलीही पुडी विकत घेतो. पण वॉर्डात ती लपवू नका.

वॉर्डात कुणी पिताना किंवा ओढताना सापडला तर रुग्णालय काय करतं? काय करायला हवं, ते आधी. त्या क्षणी तो रुग्ण आहे, आणि पहिला प्रश्न काय आणि किती घेतलं हा आहे. सिस्टरनी नाडी, रक्तदाब, श्वास, साखर बघावी, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवावं. झोपेची किंवा दुखण्याची कडक औषधं चालू असतील तर पुढचा डोस थांबवावा लागतो, कारण दारू आणि ही औषधं मिळून श्वास मंदावू शकतो. म्हणून अशा वेळी खोटं बोलणं सगळ्यात महागात पडतं. त्यानंतर बाटली काढून घेणं, नोंद करणं, भेटायला येणाऱ्यांवर लक्ष ठेवणं, पलंग सिस्टरच्या टेबलाजवळ हलवणं, हे ओघानं येतं. आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांचं मत मागवणं. हा शेवटचा भाग आपल्याकडे वारंवार राहून जातो. तो नातेवाइकांनी मागून घ्यायला हवा.

प्रत्यक्षात बऱ्याचदा काय होतं, तर सिक्युरिटीवाला येतो, सगळ्यांसमोर बोलणी बसतात, आणि ‘उद्या डिस्चार्ज’ असं सुनावलं जातं. वॉर्डातल्या माणसांची बाजूही खरी आहे. रात्रपाळीला चार हातांवर पन्नास माणसं सांभाळायची, त्यात एक जण पिऊन आरडाओरडा करत असेल तर बाकीच्यांचं काय? त्यांचा राग मला कळतो. तरीही जखमेत पू असलेल्या, टीबीच्या गोळ्या नुकत्या सुरू झालेल्या किंवा हाडात सळई घातलेल्या माणसाला शिक्षा म्हणून घरी पाठवणं मला चूक वाटतं. तो आठवड्याभरात आणखी बिघडून त्याच दारात परत येतो. डॉक्टरांनी अशी भाषा केली तर वाद घालू नका. शांतपणे विचारा: आजार अजून पलंगावर राहण्याइतका आहे का? दारू बंद झाल्याचे उपचार सुरू आहेत का? मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिलं का? तुमच्याकडे ती सोय नसेल तर ज्या रुग्णालयात आहे तिथे पाठवण्याचं पत्र द्याल का? चार सरळ प्रश्नांनी बरंच साधतं.

जगातही याचं एकच उत्तर सापडलेलं नाही. कॅनडातल्या एडमंटन शहरात रॉयल अलेक्झांड्रा रुग्णालयाने २०१८ मध्ये दाखल रुग्णांसाठी परिचारिकांच्या देखरेखीखाली नशा घेण्याची जागाच उघडली, कारण लपून शौचालयात टोचून घेणारे रुग्ण तिथेच मरत होते किंवा उपचार अर्धे टाकून पळत होते. त्याच देशातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२४ मध्ये रुग्णालयांत नशेला बंदी जाहीर केली. आपल्याकडे देखरेखीखाली नशेची जागा कायद्यात बसत नाही आणि आपली अडचणही वेगळी आहे. आपल्या वॉर्डांत प्रश्न मुख्यतः दारूचा आणि तंबाखूचा आहे, आणि त्या दोन्हींच्या तलफेवर स्वस्त, हाताशी असलेली औषधं आहेत.

म्हणूनच ‘अंगात कापरं भरलंय, एक नाइन्टी पाजली तर शांत होईल’ म्हणून पाण्याच्या बाटलीतून दारू आणणाऱ्या भावाला सांगायचं आहे, की नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली तेव्हा केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता. डॉक्टरांनीच त्याला विरोध केला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचं म्हणणं असं की या त्रासावर औषध आहे, आणि ते दारू नाही. दुसऱ्या बाजूला, तलफ उपचाराविना राहिली तर माणूस कुठवर जातो हेही आपण पाहिलं. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण दगावले. वॉर्डात पलंगाच्या कडेला सॅनिटायझरची बाटली टांगलेली असते. रुग्ण पिणारा असेल तर ती तिथून हलवायला सिस्टरना सांगा.

भ्रमात गेलेल्या माणसाचे हात-पाय बांधतात तेव्हा घरच्यांच्या पोटात कालवतं. तो पडू नये, सुया उपटू नयेत म्हणून थोडा वेळ मऊ पट्टीने बांधणं कधी कधी टाळता येत नाही. पण बांधणं हा उपचार नव्हे आणि शिक्षा तर नव्हेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्थाही येतात. याच कायद्याप्रमाणे रुग्णाला बांधून ठेवायचं ते दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, गरजेपुरतंच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मान्यतेने, कारण लिहून. आणि त्याची माहिती चोवीस तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीला द्यायची. साखळीला पूर्ण मनाई आहे. तुम्ही एवढं बघा: पट्टीखाली बोटं थंड किंवा निळी पडली नाहीत ना, पाणी पाजतायत ना, औषध सुरू झालंय ना. औषधाविना नुसतं बांधलेलं असेल तर लगेच डॉक्टरांना बोलवायला सांगा. याच कायद्यात आणीबाणीच्या वेळी कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करण्याची मुभा आहे. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ सोमवारी येणार म्हणून शनिवारच्या रात्री हातावर हात ठेवून बसायची गरज नाही.

अशा रुग्णाजवळ बसणाऱ्यासाठी थोडं. खोलीत मंद दिवा राहू द्या, एकच ओळखीचं माणूस जवळ असू द्या, आपण कुठे आहोत आणि वार कोणता हे त्याला सारखं सांगत राहा. मुंग्या नाहीतच म्हणून भांडू नका, त्याला त्या दिसतायत. आणि डॉक्टर-सिस्टरवर हात उचलू नका, कुणाला उचलू देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कारवाई होते ती भ्रमातल्या रुग्णावर नव्हे, बाहेर गर्दी करून आलेल्या पुतण्यांवर.

‘डामा’ घेऊन जाणं, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी नेणं, हा तलफेचा सगळ्यात नेहमीचा शेवट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण हट्ट धरतो, ‘मला इथे ठेवू नका, घरी बरा होईन.’ नातेवाईक कंटाळलेले असतात, सही करतात. घरी गेल्यावर तो पहिल्यांदा गुत्त्यावर जातो. त्याचा हट्ट म्हणजे बऱ्याचदा शरीराची मागणी असते. सहीच्या आधी डॉक्टरांना सांगा की याला तलफ आली असावी, त्यावर औषध देऊन रात्रभर बघू या. आणि भ्रमात असलेल्या माणसाने केलेल्या सहीला अर्थ नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं.

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर घेणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी. घेणारी मुलं ज्याला टर्की म्हणतात, ती शेवटच्या डोसनंतर साधारण आठ-बारा तासांतच सुरू होते: जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडं मोडल्यासारखी दुखणं. दारूच्या भ्रमाइतकी ती सहसा जिवावर उठत नाही, पण सोसवत नाही, आणि माणूस पळतो. यावरही औषधं आहेत. बुप्रेनॉर्फिनवर आधीपासून असलेल्या रुग्णाचं ते औषध दाखल झाल्यावर अचानक तोडू नये. कुठल्या केंद्रातून, किती मिळतं हे डॉक्टरांना सांगा, म्हणजे दुखण्याचं औषधही त्यानुसार ठरवता येईल. मोठा धोका वेगळाच आहे. दहा-पंधरा दिवस वॉर्डात न घेतलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. घरी येऊन त्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. ओठ निळे, श्वास मंद, घरघरीचा आणि हलवूनही जाग नाही, असं दिसलं की १०८ ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. एमडी (म्हणजे मेफेड्रोन) किंवा झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरं बटन म्हणतात, घेत असेल तर तेही सांगा. अशा गोळ्या रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते.

पोलिसांचं काय? अपघात, विषबाधा, मारामारी असेल तर रुग्णालयाला वैद्यकीय-कायदेशीर नोंद करावीच लागते, ते डॉक्टरांच्या मर्जीवर नसतं. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे आणि त्यासाठीचा नमुना वेगळ्या प्रक्रियेने घेतला जातो. तुम्ही उपचारासाठी दिलेली माहिती गोपनीय ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. न्यायालयाने मागितले तर कागद द्यावे लागतात, हेही खरं. अमली पदार्थांचं सेवन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेल्या आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धे सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणजे लपवण्यापेक्षा उपचार मागणं कायद्याच्या दृष्टीनेही बरं. वॉर्डात पुडी पोहोचवणाऱ्या मित्राला मात्र हे संरक्षण नाही.

विम्याबद्दलही सरळ बोलू या. बहुतेक पॉलिसींत दारू आणि नशेच्या व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम वगळलेले असतात, म्हणून ‘केसपेपरवर लिहू नका’ अशी गळ डॉक्टरांना घातली जाते. न लिहिलेल्या कागदावर रात्रपाळीचा डॉक्टर उपचार करतो, हे ध्यानात घ्या. मोडलेल्या हाडाचा खर्च आणि दारूवरच्या उपचारांचा खर्च बिलात वेगळा दाखवायला सांगा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा; पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं.

तंबाखूला आपण व्यसनात धरतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय होती, आणि त्यातला फार मोठा वाटा चघळण्याचा. खुब्याचं हाड मोडून पडलेली आजी दुसऱ्या दिवसापासून चिडते, रडते, पोट साफ होत नाही म्हणते. सगळे म्हणतात वय झालं. तिची सकाळ-संध्याकाळची मिश्री बंद झालीय हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग सून पदराआडून डबी आणून देते. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून निकोटिनचा दोन मिलिग्रॅमचा गम किंवा पट्टी मागा. गम नेहमीच्या च्युइंग गमसारखा चावत राहायचा नसतो: चार-पाचदा चावून झणझणीत लागला की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा. दात नसतील तर पट्टी बरी. हृदयविकाराचा रुग्ण असेल किंवा तोंडाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर ठरवतील तसं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं आणि जखमा उशिरा भरतात, हे ऑर्थोपेडिकवाले उगाच सांगत नाहीत. रुग्णालयात ओढल्यास २००३ च्या कायद्याप्रमाणे दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. पण ऑक्सिजन चालू असलेल्या पलंगाजवळ काडी ओढली तर प्रश्न दंडाचा उरत नाही. सोडायचं मनावर घेतलं असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक आहे.

दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतला एकच कधी कुठल्या उपचारापर्यंत पोहोचतो. मोडलेल्या पायाने का होईना, तुमचा माणूस रुग्णालयात पोहोचलाय, आठ दिवस दारूशिवाय राहिलाय आणि अंगातलं कापरं थांबलंय. अशी वेळ पुन्हा लवकर येत नाही. डिस्चार्ज कार्डावर मानसोपचार ओपीडीची तारीख लिहून घ्या. नेरूळला डी. वाय. पाटील रुग्णालयात हा विभाग आहे, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. दाखल राहून उपचार घ्यायचे तर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण आहे, फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका मराठीतही होतात, पैसे लागत नाहीत. केंद्राची माहिती विचारायला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्तीचा क्रमांक, आणि मन फार खचलं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा, तुमच्याही उपयोगाचा.

गल्लीबोळात उघडलेल्या कुठल्याही ‘व्यसनमुक्ती केंद्रा’त मात्र गाडी पाठवून माणूस उचलून नेऊ देऊ नका. आधी स्वतः जाऊन बघा. मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवायला सांगा, डॉक्टर कोण, किती वाजता येतात, रात्री फिट आली तर कुठे नेता, हे विचारा. रुग्णाला घरच्यांशी फोनवर बोलू देतात का, भेटू देतात का, तेही विचारा. पहिला महिनाभर भेट नाही असं सांगत असतील, तर त्याला तिथे ठेवू नका.